मिठावरची नजर

विल्देर, टोपीची दोरी हनुवटीखाली बांध.
नुसती डोक्यावर ठेवू नकोस. इथला वारा दुपारी उठतो
आणि टोप्या पोतोसीकडे घेऊन जातो.
माझ्या तीन गेल्या.

आणि चष्मा कपाळावर काय चढवलायस?
कपाळाला दिसत नाही रे.
बाजूंना कातड्याच्या पट्ट्या असलेला घे,
कारण या पठारावर ऊन वरून येतं तेवढंच
खालूनही येतं.
कोल्चानीतली पोरं हनुवटीखाली रापलेली असतात,
नाकपुड्यांच्या आतसुद्धा.
ढग आले तरी काढायचा नाही.
मी नेमका ढगाळ दिवशीच काढायचो.

ये, जवळ ये. डाव्या डोळ्यात बघ.
नाकाच्या बाजूने बुबुळाकडे
मांसाचा एक पापुद्रा सरकत आलाय.
एवढं चालायला त्याला चोवीस वर्षं लागली.
उयुनीच्या दवाखान्यातली सेनोबिया नर्स म्हणाली,
दोन वर्षं आधी यायला हवं होतंस.
मी म्हटलं, दोन वर्षं आधी दिसत होतं,
म्हणूनच नाही आलो.
ती हसली नाही.
माझ्या कार्डावर पुढची तारीख लिहिली,
मग कार्ड डोळ्यांपासून लांब-जवळ करणाऱ्या माझ्याकडे बघून
तारीख मोठ्याने सांगितली.

कुठे कुठे म्हणे मीठ ओवाळून
माणसाची दृष्ट काढतात.
इथलं मीठ ओवाळत बसत नाही,
सरळ दृष्टीच काढतं.

वीस फावडी मारलीस की थांब.
काहीतरी काळं शोध, लांबचं.
काळं इथे सहज मिळत नाही. म्हणून मी कुत्रा पाळला होता,
कार्बोन.
राखणीला नाही. मीठ कोण चोरतो?
वीस फावडी, मग कार्बोनची पाठ,
पुन्हा वीस, पुन्हा पाठ.
त्या पाठीवर माझे डोळे
ओझं खाली ठेवलेल्या हमालासारखे बसायचे.
बाकीचे हसायचे, म्हणायचे, एलेउतेरिओ कुत्र्याला मोजतोय.

डोळा चुरचुरेल. चोळू नकोस.
तुझी बोटं आता बोटं नाहीत, खारट कानशी आहेत.
आधी हात धू, गोड्या पाण्याने, कोपरापर्यंत,
पिण्याची बाटली वेगळी, ही वेगळी.
हे मला माहीत नव्हतं असं नाही.
बाटली ट्रकमध्ये असायची,
ट्रक तीस पावलांवर असायचा.

आणि रात्री ब्लँकेटखाली तो मोबाइल.
मला झोप लागत नाही, मी बघतो,
तुझं ब्लँकेट कंदिलासारखं पेटलेलं असतं.
दिवसभर हे पांढरं, रात्रभर तो चौकोन,
मग डोळ्याला अंधार वाढणार कधी?
त्यालाही भूक असते.

ती बघ, जीपमधली पोरगी
मिठावर पोट टेकून कॅमेरा लावतेय.
मैत्रीण लांब उभी, तळहातावर मावल्यासारखी.
अंतर हरवायला ही माणसं समुद्र ओलांडून येतात.
मला ते घरबसल्या जमतं.
काल कोकाच्या चहाचा कप
टेबलाच्या चार बोटं अलीकडे ठेवला मी,
हवेत, अगदी जपून.
तुझ्या मावशीने जमीन पुसली. काही बोलली नाही.
तिच्या न बोलण्यानेच
मी तुला आज सोबत आणलं.

चल, माझी वीस झाली.
कार्बोन गेला त्याला दोन हिवाळे झाले,
आणि डोंगर आता मला निळसर डागासारखे दिसतात,
काळे म्हणवत नाहीत.

जरा तिकडे तोंड करून उभा राहा.
टोपी काढ, एवढ्यापुरती.
तुझे केस अजून काळे आहेत.

बास.
घाल टोपी.
दोरी बांध.